आधीं दृष्टि, मग लाथ

शत्रूला पाठ दाखवूं नये, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यामुळें वयाच्या पन्नाशींत, कन्येला पोंचविण्याच्या निमित्तानें, एका शाळेच्या सभागृहांत भरणाऱ्या तायक्वांदोच्या वर्गांत आम्हीं प्रथम पाऊल टाकलें तेव्हां तेथील मुलें भराभर एकमेकांना पाठ दाखवीत आहेत, हें पाहून आम्हांस नवल वाटलें. ही कला कोरियाची. १९५५ सालीं तिला हें नांव मिळालें. पाय, मूठ आणि मार्ग असे तीन शब्द त्यांत गोंविलेले आहेत. समोरच्या प्रतिस्पर्ध्याकडे क्षणभर पाठ करावयाची आणि त्याच ओघांत मागच्या पायाची टाच त्याच्या छातीवर सरळ नेऊन आदळावयाची, ही तिच्यांतील एक नामांकित लाथ. पाठ फिरविण्यांत धोका आहे. स्पर्धेंत वळून मारलेल्या लाथेस साध्या लाथेपेक्षां अधिक गुण देतात, तें उगाच नव्हे.

नुसतें बसून पाहण्याचा कंटाळा आला, तेव्हां आम्हींही पांढरा पोशाख चढविला. शिकविणारी ताई आमच्या भाचीच्या वयाची. ती आम्हांस ‘काका’ म्हणे, पण चुका दाखवितांना वयाची भीड ठेवीत नसे. सरळ लाथा आम्हांस बऱ्या जमल्या. गिरकीविषयीं मात्र आमची समजूत अशी कीं, जितका वेग अधिक तितकी लाथ चांगली. अंगांत असेल नसेल तेवढी शक्ति एकवटून आम्ही गर्रकन् फिरत असूं, आणि पाय कोठें पडेल याचा हवाला देवावर ठेवीत असूं.

एके संध्याकाळीं तो पाय आमच्या कन्येच्या मनगटावर पडला. ती अकरा वर्षांची. आमच्यासाठीं पॅड धरून उभी होती. हाड मोडलें नाहीं, पण मनगट सुजलें. ती रडली नाहीं. इतकेंच म्हणाली, “बाबा, तुम्ही बघितलंच नाहीत.” पुढच्या वर्गाला तिनें पॅड दुसऱ्याच्या हातीं दिलें आणि ती दूर भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. ताईच्या रागावण्यापेक्षां तें उभें राहणें आम्हांस अधिक लागलें.

त्यानंतर ताईनें आम्हांस वेग वर्ज्य केला. भिंतीला हात टेकून त्या एका लाथेचे चार तुकडे करावयाचे आणि एकेक घोटावयाचा. पहिलें पाऊल: पुढच्या पायाच्या चवड्यावर वळून टाच प्रतिस्पर्ध्याकडे आणावयाची. पाऊल जमिनीला चिकटून राहिलें आणि अंग तेवढें फिरलें, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो; आणि गुडघा बिजागरीसारखा वांकण्यासाठीं घडलेला आहे, पिळला जाण्यासाठीं नव्हे. दुसरी दृष्टि: ज्या पायानें मारावयाचें त्याच बाजूच्या खांद्यावरून पाहावयाचें, आणि लक्ष्य दिसेपर्यंत तो पाय उचलावयाचा नाहीं. तिसरा गुडघा: तो उभ्या पायाच्या गुडघ्याजवळूनच गेला पाहिजे. चौथी टाच: ती सरळ रेषेंत सुटली पाहिजे. आमचे खांदे फिरतच राहत, म्हणून पाय सरळ न जातां कोयत्यासारखा बाजूनें येई. मनगटावर बसला तो याच खोडीमुळें.

वेगाचें मर्मही आम्हांस तेव्हांच कळलें. फिरणारा मनुष्य पसरलेले हात छातीशीं घेतो, तेव्हां त्याची गिरकी आपोआप जलद होते. हातवारे केल्यानें ती केवळ विसकटते. आणि ओळीनें गिरक्या घेतल्या म्हणजे भोवळ येते, तिचें मूळ कानांत असतें. आंतल्या कानांतील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव, अंग थांबलें तरी, कांहीं क्षण हलत राहतो. कथक नाचणारे चक्कर घेतांना दृष्टि एका ठिकाणीं खिळवितात आणि मान शेवटीं झटकन् फिरवून पुन्हां तेथेंच आणतात, त्यांतलें एक कारण हेंच. अंग फिरो, नजर ठिकाणावर हवी.

भिंतीशीं तोंड करून हा पाठ गिरवितांना आम्हांस आमच्या घरांतल्या कित्येक गिरक्या आठवल्या. दिवसभर कचेरींत सांठलेला राग घेऊन आम्ही दारांत शिरतों, पहिल्या निमित्तासरशी गर्रकन् वळतों, आणि समोर कोण उभें होतें हें शब्द लागल्यावर पाहतों. त्या शब्दांची सूज कोणास दिसत नाहीं, एवढाच फरक.

तिसऱ्या महिन्यांत एके दिवशीं कन्या कांहीं न बोलतां पॅड घेऊन समोर आली. हात लांब करून, अंगापासून होईल तितकें दूर तिनें तें धरलें होतें. आम्ही वळलों. खांद्यावरून प्रथम तिचे डोळे दिसले, मग पॅड दिसलें, आणि मग टाच निघाली. आवाज कांहीं मोठा झाला नाहीं.

“आता बघितलंत,” ती म्हणाली, आणि तिनें पॅड चार बोटें जवळ घेतलें.