काळ्या फितीपुरता दुखवटा

कसोटी सामन्यात खेळाडू कधीकधी दंडाला काळी फीत बांधून उतरतात. कोण गेलं ते समालोचक सांगतो आणि दोन षटकांत ती फीत कुणाच्या लक्षातही राहत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात पुरुषाचा दुखवटा साधारण एवढाच असे. दंडाला फीत नाहीतर हॅटभोवती काळा पट्टा बांधला, की स्वारी निघाली कचेरीला.

बाईचं तसं नव्हतं. नवरा गेला की दोन-अडीच वर्षं काळं. त्यातलं पहिलं वर्ष क्रेपचं. सुरकुत्या पाडून चमक मुद्दाम मारलेलं हे रेशीम पावसात भिजलं की वाया जाई, रंग सोडी, अंगावर काळे डाग पाडी. दागिने चालत, पण जेटचे. यॉर्कशरमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडणारं हे काळंभोर जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं लाकूड. गेलेल्याचे केस विणून ब्रोचमध्ये जपत. (त्याच शतकात आपल्याकडे विधवेचेच केस उतरवत होते, आणि त्याला नकार द्या म्हणून सत्यशोधकांना न्हाव्यांची एकजूट करावी लागली.) मग करडा, मग फिका जांभळा, असं करत बाई हळूहळू रंगांत परते. पत्राच्या कागदाची काळी किनारसुद्धा काळ जाईल तशी बारीक होई. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ साली निघालेलं जेजचं दुकान दुखवट्याच्याच सामानाचं, आणि कोर्टोल्ड घराणं तर क्रेपवर गब्बर झालं.

हा जाच गेला ते उत्तमच झालं. पण त्या कपड्यांनी एक काम केलेलं असे. समोरच्याशी जरा जपून बोलायचं आहे, हे अनोळखी माणसालाही कळे, आणि तेही वर्षभर. आज आपण डीपी काळा करतो, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतो, आठवड्याभरात कामावर हजर होतो आणि मग ‘आता सावर’ हे ऐकून घेतो. दुखवट्यात स्त्री-पुरुष समानता आली खरी, पण पुरुषाच्या मापानं.

राणी व्हिक्टोरियानं मात्र कुठलंच माप मानलं नाही. नवरा अल्बर्ट १८६१च्या डिसेंबरात गेला; तिनं काळं उतरवलं नाही ते १९०१मध्ये स्वतः जाईपर्यंत. विंडसरला त्याच्या खोलीत रोज दाढीचं गरम पाणी जात राहिलं. लोक वैतागले, राणी दिसत नाही म्हणून कुरकुरले. आणि एवढं करून स्वतःची अंत्ययात्रा तिनं पांढऱ्या रंगात मागितली.

शवपेटीत अल्बर्टचा घरात घालायचा झगा आणि त्याच्या हाताची प्लास्टरची प्रतिकृती ठेवली गेली. तिचे डॉक्टर जेम्स रीड यांना आणखी एक खाजगी सूचना होती. त्याप्रमाणे त्यांनी तिच्या डाव्या हातात सेवक जॉन ब्राउनचा फोटो आणि त्याच्या केसांची बट ठेवली, आणि घरच्यांना दिसू नये म्हणून वर फुलं पसरली. ब्राउन १८८३ साली गेला होता. राणीनं नोकरासाठी किती वर्षं आणि कोणत्या रंगात दुःख करावं, हे जेजच्या दुकानातही कुणी सांगू शकलं नसतं.