गच्चीवरील रान

विकत आणलेल्या गुलाबाची निगा सर्वच राखतात; परंतु वाटेच्या कडेस आपोआप उगवणाऱ्या तेरड्याला किंवा केन्याला कुंडींत जागा द्यावी, असें फारच थोड्यांस वाटतें. सातारा येथील आमच्या बिऱ्हाडाच्या गच्चीवर मात्र तेलाच्या रिकाम्या डब्यांत व फुटक्या माठांच्या बुडांत केवळ रानटी झाडेंच आहेत.

आमच्या घराशेजारीं एक मोकळें आवार होतें. पावसाळ्यांत तें कुर्डू, तेरडा, केना व कळलावी यांनीं भरून जाई. २०१९ सालीं तेथें इमारत बांधण्याचें ठरलें. तेव्हां मालकांची परवानगी घेऊन, पहिला पाऊस पडतांच, वर्गांतील कांहीं मुलांसह आम्ही तेथें गेलों. झाड उपटावयाचें नाहीं, मुळांभोंवतींच्या मातीसकट उचलावयाचें, हा नियम आम्हीं मुलांस घालून दिला. पुढें महिनाभरांत तेथें पाया खणला गेला.

या डब्यांनीं आम्हांस पुष्कळ शिकविलें. केन्याचीं निळीं फुलें सर्वांच्या परिचयाचीं आहेत; परंतु त्यास मातीखालींहि न उमलणारीं फुलें येतात व त्यांत बीं धरतें, हें डबा उलथून पाहिल्यावांचून मुलांस पटलें नसतें. तेरड्याचें पिकलेलें बोंड स्पर्श होतांच फुटून बीं दूर उडवितें. म्हणून पुढील वर्षीं शेजारच्या डब्यांतहि तेरडाच डोकावतो. कळलावीच्या पानांचीं टोंकेंच वळून आधार धरितात, व तिचें फूल पिवळ्याचें तांबडें होत जातें. तिचा कंद विषारी असल्यामुळें तो डबा लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवावा.

सातारहून सुमारें २५ किलोमीटरांवर कासचें पठार आहे. २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर त्याचा जागतिक वारशांत समावेश झाला. तेथें सहलीस गेलों असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, आवारांतलीं झाडें आपण आणलीं, मग येथील एक नेलें तर काय बिघडेल?” प्रश्न योग्य होता. आम्हीं त्यास सांगितलें कीं, आवारांतलें झाड न उचलतां मेलें असतें. येथील झाड उचलल्यानें मरेल. ‘सीतेचीं आंसवें’ हें इवलेंसें फूल कातळावरील ओल्या, निकस मातीच्या पातळ थरांतच जगतें व मातीखालील बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून आपलें पोषण करितें. आमच्या डब्यांतील खत त्यास मानवणारें नाहीं. जमिनींत वाढणाऱ्या आमरीचें बीं तर तेथल्या मातींतील बुरशीच्या साहाय्यावांचून रुजतच नाहीं. शिवाय १९२७ च्या वन कायद्यान्वयें राखीव वनांतून झाड नेणें हा गुन्हा आहे. मुलानें पुन्हा विचारलें नाहीं. तो गुडघे टेकून फुलें पाहूं लागला.

हिवाळ्यांत कळलावीचा वेल वाळून जातो. “हा रिकामा डबा कशास ठेवलात?” असें पाहुणे विचारतात. पाणी न घालतां तो जूनपर्यंत तसाच ठेवावा लागतो. कंद आंत निजलेला असतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गल्लींतील एखादें मोकळें आवार बुजणार असेल, तर मालकांस विचारून त्यांतील एक तरी झाड घरीं आणा. तेरड्याचें बीं ज्यांस हवें असेल, त्यांनीं ऑक्टोबरांत आमच्याकडे यावें; येतांना डबा मात्र आपला आणावा.