यावलच्या पायाखाली

बालदोस्तांनो, भुसावळला उतरलात की यावलची एसटी धरा. तापीचा पूल ओलांडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागाच बागा! थंडीत गेलात तर बामणोदच्या वांग्यांचं भरीत खाल्ल्याशिवाय परतू नका बरं. आणि यावलला पोचल्यावर उत्तरेकडे पाहा. सपाट शेतं संपतात आणि सातपुडा एकदम भिंतीसारखा उभा राहतो.

असा एकदम का? आणि गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात, मग तापीच का पश्चिमेला? भूशास्त्रज्ञ सांगतात, सातपुड्याच्या पायथ्याशी खडकात खोल, लांबलचक भेगा आहेत. त्यांना प्रस्तरभंग म्हणतात. त्यांच्यालगतचा भाग खचला, त्या खोलगटातून तापी वाहू लागली आणि तिने तो गाळाने भरून काढला. तुमची केळी पिकतात ती त्याच गाळात!

आता कपाशीची एक पळाटी घ्या. दोन्ही हातांनी हळूहळू वाकवा. वाकते, वाकते... आणि कडाक्! हाताला कसा झटका बसला? भूकंप असाच होतो. आपला भारतीय भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. त्याचा ताण खडकात साठत जातो. जुनी भेग तो सोसेनाशी झाली की खडक सटकतो आणि लाटा चहूकडे धावतात.

यावलजवळच्या सातपुड्यात हे घडलं आहे. दिवस होता १४ मार्च १९३८. फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन होऊन सव्वा वर्ष झालं होतं. पहाटे जमीन हादरली. रिश्टर मापावर आकडा सव्वासहाच्या आसपास!

थांबा, हा आकडा ओळखीचा वाटला ना? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला झालेला भूकंपही जवळजवळ एवढाच होता. तिथे सुमारे आठ हजार माणसं गेली. सातपुड्याच्या भूकंपात तसा हाहाकार झाला नाही. आकडा सारखा, मग असं का?

कारण सातपुड्यातला खडक सुमारे ४० किलोमीटर खोल सटकला होता, किल्लारीचा जेमतेम दहा. शिवाय किल्लारीची माणसं गाढ झोपेत होती आणि डोक्यावर दगडमातीची जड घरं. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांवरही मातीचा केवढा थर असतो, आठवा.

म्हणून शास्त्रज्ञ दोन मापं वापरतात. ढोलावर टिपरू किती जोरात पडलं, हा रिश्टरचा आकडा. भूकंपाला तो एकच. तुमच्या घरातली भांडी किती वाजली, भिंती किती तडकल्या, हे मर्कालीचं माप, १ ते १२. ते गावागणिक बदलतं. रिश्टरसाहेबांनी आपलं माप १९३५ साली काढलं. आज शास्त्रज्ञ त्याची सुधारलेली पद्धत वापरतात, पण बातम्यांत नाव अजून रिश्टरचंच!

या मापाची एक गंमत आहे. आकडा एकाने वाढला की कंपनं १० पट मोठी होतात, पण ऊर्जा सुमारे ३२ पट. मग ४ च्या भूकंपापेक्षा ६ च्या भूकंपात ऊर्जा किती पट? घ्या पाटी आणि करा गुणाकार!