अबियाकाच्या बाजूने

सेमिनोलांचा लढा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे त्यांचा लढवय्या ओसिओला एकटाच यायचा. १८३० च्या कायद्याने अमेरिकी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या सरकारने पूर्वेकडच्या आदिवासींना मिसिसिपीपलीकडे धाडायचं ठरवलं. फ्लोरिडातले सेमिनोल हटेनात, आणि डिसेंबर १८३५ मध्ये युद्ध पेटलं. ऑक्टोबर १८३७ मध्ये जनरल जेसपच्या हुकमाने ओसिओलाला पांढऱ्या निशाणाखाली, बोलणी करायला आलेला असताना पकडलं. जानेवारीअखेर तो कैदेतच वारला. शिवकाळाच्या गोष्टींवर पोसलेल्या माझ्यासारख्याला असा दगा लगेच भिडतो. नायक गेला, कथा आटोपली. पुढची वीस वर्षं माझ्या लेखी नुसती पळापळ होती.

मत फिरलं ते कुंटीमुळे. दक्षिण फ्लोरिडात रानोमाळ उगवणारं हे झुडूप. त्याचा गड्डा तसाच खाल्ला तर विषारी. सेमिनोल बायका तो कुटायच्या, पाण्यात कालवून गाळायच्या, तळाशी बसलेला साका पुन्हा धुऊन वाळवायच्या आणि त्या पिठाच्या भाकरी करायच्या. सैन्याने गावं जाळली, उभी पिकं तुडवली. रानातले गड्डे कुठेकुठे खणणार? त्यांची घरं, म्हणजे चिकी, हीही तशीच. सायप्रसचे खांब, वर पामेटोच्या झावळ्या, भिंती नाहीतच. दलदलीतल्या एका उंचवट्यावरून उठावं, दुसऱ्यावर नवी चिकी उभारावी. पळापळीत एवढी तजवीज असते होय!

त्या दलदलीत तग धरून राहिला सेमिनोलांचा म्हातारा पुढारी अबियाका. गोरे त्याला सॅम जोन्स म्हणत. तो कधीच शरण गेला नाही. फेब्रुवारी १८३८ मध्ये खुद्द जेसपनेच वॉशिंग्टनला लिहिलं, की सेमिनोलांना दक्षिण फ्लोरिडात राहू द्यावं. युद्धमंत्री पॉइन्सेटने ते धुडकावलं. मग १८४२ पर्यंत आणि पुन्हा १८५५ ते १८५८ सैन्य चिखल तुडवत राहिलं, गोळ्यांपेक्षा रोगराईने जास्त मेलं. शेवटी काहीशे सेमिनोल तिथेच उरले.

माझा एक मित्र म्हणतो, हे नुसतं जीव वाचवणं झालं, लढा नव्हे. मला ते पटत नाही. सरकारला त्यांची जमीन रिकामी हवी होती. ती त्यांनी रिकामी होऊ दिली नाही.

मात्र यातून एक पेच उरतोच. तीन हजारांहून अधिक सेमिनोल जहाजांत भरून आजच्या ओक्लाहोमाकडे नेले गेले; काही साखळदंडांत, काही उपाशी लेकरांकडे बघून आपणहून चढले. अबियाकाची बाजू घेताना त्यांना हरलेले म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचं काय, ते अजून ठरवता आलेलं नाही.