रिसोडची पुडी, सोलचा पेला
(वऱ्हाडातल्या वाटा : रिसोड मुक्काम)

सोमवार

वाशीमला गाडीतून उतरलो आणि एसटीने रिसोडला आलो. गावात रेल्वे नाही, त्यामुळे येणाराजाणारा बसस्थानकावरच टेकतो आणि तिथेच खातो. इथल्या एका नाश्तेवाल्याने कचोरी-आलुबोंड्यासाठी नवं वेष्टन करून मागितलं आहे. कॉलेजात जाणारी त्याची मुलगी कोरियन मालिका आवडीने बघते. ‘कोरियातल्या गाड्यांवर असतं तसं’ ही फर्माईश तिचीच. तिला वाटतं गुलाबी रंग आणि वर कोरियन अक्षरं. मला वाटतं, कोरियाकडून घ्यायचं ते वेगळंच आहे.

मंगळवार

सकाळपासून दुकानासमोर उभा राहून नुसते हात पाहिले. एका हातात पिशवी, दुसऱ्यात कचोरी, आणि तळलेली मिरची कुठे धरावी याची पंचाईत. बांधून नेणाऱ्याला पोऱ्या विचारतो, “पन्नीत देऊ काय?” एक काका ठाम होते, “पन्नी नको रे बापू, घरी जाईस्तोवर नरम पडते.” बंद पिशवीत वाफ कोंडते, तिचं पाणी होतं आणि पापुद्रा ओला होतो. शास्त्र तेवढंच.

सोलच्या रस्त्यावर ‘बुंगोप्पांग’ मिळतो. माशाच्या साच्यात भाजलेला, पोटात लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. तो कागदी पिशवीत देतात आणि तोंड उघडंच ठेवतात. ‘होत्तोक’ ही आत वितळलेल्या साखरेची पोळी. बोटं भाजू नयेत म्हणून ती दुमडलेल्या पुठ्ठ्यात किंवा कागदी पेल्यात उभी देतात. काडीला टोचलेले ‘ओमुक’ खाताना त्याचा गरम रस्सा पेल्यातून प्यायचा. १९०५ पासूनच्या ग्वांगजांग बाजारात मी हेच पाहत हिंडलो होतो. उभ्याने खाणाऱ्याचा हात काय मागतो, यावरून तिथलं भांडं ठरतं. छपाईचा विचार नंतरचा. सगळंच उचलण्यासारखं नाही, हेही खरं. धुणं वाचावं म्हणून ताटलीवर प्लास्टिकची पिशवी चढवायची तिथली सवय आपल्याला नको.

बुधवार

इथे अजून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर भजी मिळतात. शाईतली रसायनं आणि शिसं तेलात उतरतं, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं होतं. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे. दोन्ही वाटा बंद झाल्यावर गाडीवाल्याने करायचं काय, याचं स्वस्त उत्तर देणं हे आम्हा वेष्टनकारांचं काम आहे, आणि ते आम्ही पुरेसं केलेलं नाही.

दुपारी गावाबाहेर एका मावशींकडे पळसाचे द्रोण पाहिले. तीन पानांतलं मधलं, मोठं पान त्या वेगळं काढतात. दोन बाजूंना चिमटे घेऊन काडी टोचली की भांडं तयार. डिंक नाही, शिवण नाही. मी वाळलेलं पान उचललं तर म्हणाल्या, “वाळलं का फाटते ते. ओलं असतानाच टोचा लागते.” दोन घड्या आणि एक टाचा, एवढ्यावर रश्शाचा थेंबही गळत नाही.

गुरुवार

रात्री लॉजवर कागद दुमडत बसलो होतो. जाड, न छापलेला खाकी कागद, एकाच तुकड्याचा. द्रोणासारखे दोन चिमटे, तळ निमुळता, तोंड उघडं, कडेला मिरचीपुरता खिसा. सकाळी दुकानात कचोरी भरून पाहिली. एका हातात नीट बसली, बोटांना तेल लागलं नाही, वाफ वरून निघून गेली. मुलीने विचारलं, “आणि कोरियन अक्षरं?” मी म्हटलं, “तुमच्या दुकानाचं नाव टाकू, ठसठशीत मराठीत. सोलमधल्या माणसालाही ते तेवढंच नवं वाटेल.” तिला पटलं. पळसाच्या फुलाचा केशरी रंग मात्र तिनेच सुचवला, आणि तो पक्का झाला.

आता प्रश्न दराचा. नगामागे काही पैसेच वाढले तर गाडीवाला हे वापरील, रुपया वाढला तर पुन्हा रद्दीकडे वळेल. म्हणून उद्या वाशीमला कागदाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे जातो आहे. तो हिशेब पुढच्या भागात.