काकडी ते चेन्नई : आकाशातील अंतर आणि उंबरठ्यापर्यंतचा वेळ

व्यापारी घराण्यांत अंतर पूर्वापार वेळेत मोजले जाते. माल किती दिवसांत पोहोचेल आणि माणूस केव्हा परतेल, यावर पेढीचे गणित चालते. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगरच्या बाजारपेठेचे हे माप बदलले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले, तेव्हा ते पुन्हा एकदा बदलले.

काकडी ते चेन्नई हे सरळ रेषेतील हवाई अंतर सुमारे ९७० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते सव्वा तासात कापले जावे. वेळापत्रकात मात्र सुमारे दोन तास दिसतात. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागी थांबेपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे, हा सारा वेळ त्यात येतो.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडू. चेन्नईतील घर ते विमानतळ एक तास, उड्डाणापूर्वीचे दोन तास, प्रवासाचे दोन तास, सामान मिळण्यास अर्धा तास आणि काकडीहून नगरपर्यंत सुमारे अडीच तास. एकूण आठ तास झाले आणि त्यांतील प्रत्यक्ष उड्डाण केवळ दोन तासांचे! तरीही रेल्वेने दौंडमार्गे यायचे, तर जवळजवळ एक दिवस लागतो.

विस्ताराने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात सर्वांना एकच विमानतळ सोयीचा ठरत नाही. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, संगमनेर येथील कुटुंबांना काकडी जवळचे. श्रीगोंदा, पारनेरकरांना पुण्याचे लोहगाव बरे. नेवासेकरांनी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याचाही विचार करावा. नगर शहरास काकडी आणि लोहगाव यांत फारसा फरक पडत नाही. तेथे उड्डाणाची वेळच निर्णायक ठरते.

काकडीहून नगरकडे येताना राहाता, बाभळेश्वर, कोल्हारचा प्रवरेवरील पूल, राहुरी आणि विळद घाट लागतो. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळते. चेन्नईत दिलेली लेक आजारी वडिलांच्या भेटीस निघालेली असेल, तर तिची खरी परीक्षा याच रस्त्यावर होते. आकाशातील ९७० किलोमीटर मागे पडलेले असतात आणि उरलेले ९० सरता सरत नाहीत.

म्हणून निकडीच्या प्रसंगी केवळ स्वस्त तिकीट किंवा लवकरचे उड्डाण पाहू नये. त्या दिवशी कोणत्या विमानतळावर थेट विमान आहे, ते किती वाजता उतरते आणि तेथून कोणती गाडी मिळेल, हे एकत्र पाहावे. तिकीट काढणाऱ्यानेच गाडीही सांगून ठेवावी आणि घरच्यांना उंबरठ्यावर पोहोचण्याची वेळ कळवावी. वाट पाहणाऱ्याला विमानाच्या वेळेपेक्षा तीच वेळ हवी असते.