सफरचंदाची फोड

डिसेंबर आला की मला एक पत्र्याचा डबा आठवतो, आणि अजूनही ओशाळल्यासारखं होतं.

२००६ साली मी कामानिमित्त जर्मनीत, न्युर्नबर्गजवळच्या एर्लांगेन गावी होतो. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. माझं जर्मन 'गुटेन मॉर्गन'पुरतं, त्यांचं इंग्रजी तेवढंही नाही. नोव्हेंबरच्या शेवटी एकदा त्यांनी दार वाजवून हातात डबा दिला. "लेबकुखेन," म्हणाल्या, आणि पुढे बरंच काही बोलल्या. मी मान डोलावली, "डांके" म्हटलं आणि दार लावलं.

झाकण उघडलं आणि घरभर दिवाळी! दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ... सोबत सफरचंदाची एक फोड होती. चुकून पडली असेल म्हणून ती आधी टाकून दिली. मग एक लेबकुखेन तोंडात घातला. दगड! चहात बुडवला, तरी दगडच. आजींना आता जमत नसेल, असं मनाशी म्हणालो आणि चार दिवसांनी सगळे कचऱ्यात टाकले. डबा धुऊन, त्यात चिवडा भरून परत दिला. "झेअर गूट," असंही सांगितलं.

पुढच्या आठवड्यात एका जर्मन सहकाऱ्याबरोबर न्युर्नबर्गच्या नाताळ-बाजारात गेलो. तो कौतुकाने सांगत होता. गावाभोवतीच्या जंगलात पूर्वीपासून मधमाश्या पाळत, त्यामुळे मध घरचाच. मसाले व्हेनिसमार्गे यायचे. (म्हणजे मिरी आणि वेलदोडे आपल्या मलबारचे की!) लेबकुखेनवाल्यांचा स्वतंत्र संघ इथे १६४३ साली झाला, आणि १९९६पासून 'न्युर्नबर्गर लेबकुखेन' हे नाव युरोपात संरक्षित आहे. त्यातले 'एलिझेन' सगळ्यात उंची. त्यांत बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा निदान पंचवीस टक्के, पीठ फार तर दहा टक्के. मी एक खाल्ला. लोण्यासारखा मऊ.

"आमच्या शेजारच्या आजींचे मात्र दगड होते," मी हसत म्हणालो.

तो हसला नाही. "घरचे, मधाचे असतील. ते आधी कडकच असतात. डब्यात सफरचंदाची फोड ठेवायची, ती दर दोन-तीन दिवसांनी बदलायची. मध तो ओलावा ओढून घेतो. दोन-तीन आठवड्यांत मऊ होतात, बरोबर नाताळापर्यंत."

त्या दिवशी दारात आजी एवढं काय सांगत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

मंडळी, मी अनारशांच्या घरातला माणूस! तांदूळ तीन दिवस भिजवायचे, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं, त्याला हात लावला तर आईचा धपाटा, हे सगळं पाहत वाढलेला. तरी मला चार दिवस दम निघाला नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी आजी जिन्यात भेटल्या. बोटं ओठांशी नेऊन त्यांनी खुणेनेच विचारलं, आवडले ना? मी पुन्हा "झेअर गूट" म्हणालो. जानेवारीत परत आलो. खरं सांगायचं राहूनच गेलं.

आता दर डिसेंबरला पुण्यात, आमच्या छोट्या ओव्हनमध्ये मी मधाचे लेबकुखेन करतो. डब्यात फोड ठेवतो. लेक रोज झाकण उघडून विचारते, "बाबा, झाले का मऊ?"

"अजून नाही गं," मी म्हणतो, आणि फोड बदलतो.